जुन्या रात्रींची कीर्द

सांगलीत जूनपासून चार महिने आकाश बंदच असतं. ढगांतून एखादी फट मिळालीच तर दमट हवेत शहराचा उजेड असा पसरलेला असतो, की अभिजित आणि श्रवण दिसले तरी पुष्कळ म्हणायचं. एकेकाळी मलाही दुर्बीण घ्यायची होती. किमती काढल्या होत्या, गच्चीच्या कठड्याची उंचीसुद्धा मोजली होती. आता ती हौस उरलेली नाही. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींनी टिपून ठेवलेल्या रात्री घरात बसून, फुकट, कुणाची चिठ्ठी न आणता वाचायला मिळतात हे कळल्यापासून माझं आकाशदर्शन पंख्याखाली चालतं.

हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. हबलसारख्या दुर्बिणीवर वेळ मिळवायला शास्त्रज्ञांना अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला की दुर्बीण त्यांनी मागितलेला आकाशाचा तुकडा टिपते, आणि ती नोंद काही काळ फक्त त्यांचीच राहते. जेम्स वेब दुर्बिणीच्या बाबतीत हा काळ साधारण वर्षाचा. मुदत संपली की कुलूप निघतं. मग ती नोंद हार्वर्डच्या प्राध्यापकाला जेवढी खुली, तेवढीच मार्केट यार्डात हळदीचा हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्या दिवाणजीलाही. टेस या ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीला तर तेवढीही मुदत नाही. २०१८ साली ती सोडली तेव्हापासून तिचं सगळं काम सर्वांसाठी एकदमच खुलं होतं. नासाच्या अशा दुर्बिणींचं भांडार अमेरिकेत बाल्टिमोरला आहे, मास्ट नावाचं. हबलच्या नोंदींवर आज जे शोधनिबंध निघतात, त्यांत मूळ अर्जदारांपेक्षा भांडारातली जुनी नोंद उचलणाऱ्यांची संख्या जास्त भरते. ज्यानं बघायला सांगितलं त्याच्यापेक्षा मागून आलेल्यांना जास्त दिसलं, असाच याचा अर्थ.

मी पहिल्यांदा उघडला तो वास्प-१८ नावाचा तारा. फिनिक्स या दक्षिणेकडच्या तारकासमूहात तो आहे. डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमारास तो सांगलीहून दक्षिण क्षितिजाच्या सत्तावीसेक अंश वर येतो. पण डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याहून तो वीसेक पट मंद आहे, त्यामुळे 'येतो' हे आपलं म्हणायचं. या ताऱ्याभोवती गुरूच्या दहापट वस्तुमानाचा एक ग्रह फिरतो आणि त्याचं वर्ष आपल्या एका दिवसापेक्षाही लहान आहे. बावीस-तेवीस तासांत फेरी पूर्ण. नवशिक्यानं इथून सुरुवात करावी असं मी कुणालाही सांगेन, कारण इथे आलेखात ग्रहाची खूण डोळ्यांना ताण न देता दिसते.

मास्टच्या पानावर ताऱ्याचं नाव टाकायचं. ते नाव आधी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या सिम्बाड नावाच्या सूचीला विचारलं जातं. ती ताऱ्याचे अंश-कला सांगते, आणि मग त्या जागेवर आजवर कोणकोणत्या दुर्बिणींनी नजर टाकली त्याची यादी समोर येते. कोणती दुर्बीण, कोणता कॅमेरा, कोणता फिल्टर, किती सेकंद, कोणत्या तारखेला, कुणाच्या अर्जावरून. मला ही यादीच पुष्कळ वेळ पुरते. आकाशातली एखादी जागा घ्यावी आणि तिच्याकडे आजवर कोण कोण का वळलं ते वाचत बसावं. एकानं तिथली दीर्घिका मागितलेली असते, दुसऱ्यानं तिच्या अलीकडचा तारा, तिसऱ्याला भलतंच काही हवं होतं आणि ही जागा चौकटीच्या कोपऱ्यात आपोआप आली.

हवी ती ओळ निवडली की फाइल उतरवून घ्यायची. टेसच्या एका ताऱ्याची सत्तावीस दिवसांची नोंद दोनेक एमबीत मावते. फाइल फिट्स नावाच्या पद्धतीची असते. ही पद्धत १९८१ साली प्रसिद्ध झाली आणि खगोलाच्या जगात अजून तीच चालते. जुनी फाइल नव्या काळात उघडलीच पाहिजे हा तिचा दंडक. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानं आपली जुनी हस्तलिखितं संगणकावर जपायला हीच पद्धत घेतली, यावरून तिची पत कळावी.

फिट्स फाइलचा वरचा भाग, म्हणजे हेडर, साध्या अक्षरांत असतो. अगदी नोटपॅडमध्ये उघडला तरी वाचता येतो. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, कारण ही पद्धत ठरली तेव्हा भोकं पाडलेल्या पत्त्यांवर संगणकाला मजकूर देत आणि एका पत्त्यावर ८० अक्षरं बसत. अशा ३६ ओळींचा एक गठ्ठा. ओळी कमी पडल्या तर उरलेली जागा कोरी, पण गठ्ठा पुराच. पहिल्या ओळीत 'सिंपल', बरोबरचं चिन्ह आणि पुढे एकच अक्षर : टी, म्हणजे 'खरं'. पुढे दुर्बिणीचं नाव, ताऱ्याचा क्रमांक, त्याची जागा, कोणत्या कॅमेऱ्यातल्या कोणत्या चिपवर तो पडला, त्याचं तापमान अंदाजे किती. शेवटच्या ओळीत 'एंड'. तारीख लिहायची रीत मात्र मध्येच बदलावी लागली. आधी दिवस, महिना आणि वर्षाचे दोनच आकडे लिहीत. २००० साल जवळ आलं तशी सगळ्यांना जाग आली आणि वर्ष चार आकडी होऊन पुढे आलं. आमच्या यार्डातही त्या साली हीच धांदल होती, फक्त आमच्या वह्यांना कुणी ठराव करून नियम लावला नाही.

हेडर वाचायला मला जितकं आवडतं तितकं खालचे आकडे बघायला आवडतं की नाही, सांगता येत नाही. त्या ऐंशी अक्षरांत कुणीतरी पुढच्या अनोळखी माणसाचा विचार केलेला असतो. मी कोण, कुठे होतो, काय वापरलं, घड्याळ कोणतं धरलं, हे सगळं लिहून मगच आकडे दिलेले. हे नसेल तर खालचे वीस हजार आकडे कवडीमोल.

आकडे म्हणजे काय? दर दोन मिनिटांनी ताऱ्याचा उजेड किती मोजला, त्याची यादी. दिवसाला ७२० ओळी, सत्तावीस दिवसांच्या एकोणीस-वीस हजार. समोर वेळेचा रकाना असतो आणि ती वेळ ज्युलियन दिवसांत. इसवी सनापूर्वी ४७१३ पासून एकेक दिवस मोजत आलेली ही गणती चोवीस लाखांच्या पुढे गेली आहे. टेसवाले त्यातून सरसकट २४,५७,००० वजा करतात, म्हणजे आकडा आटोक्यात येतो. हा दिवस मध्यरात्री बदलत नाही, ग्रीनिचच्या दुपारी बारा वाजता बदलतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. यार्डातला तोल बंद होतो त्या सुमारास खगोलाचा दिवस उजाडतो, आणि माझी दोन्ही कामं त्यामुळे एकमेकांच्या पायात येत नाहीत.

वेळेच्या रकान्यात आणखी एक बारकावा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे त्याच ताऱ्याचा उजेड वर्षात कधी आपल्यापर्यंत लवकर पोचतो, कधी उशिरा. फरक आठ मिनिटांपर्यंत जातो. म्हणून वेळ पृथ्वीवरची किंवा यानावरची न धरता सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राची धरतात. हा सुधार करूनच फाइल हाती येते. पुढे याचं महत्त्व किती ते कळेल.

उजेडाचे रकाने दोन असतात. एक सरळ मोजलेला, दुसरा संस्कार केलेला. यानाच्या थरथरीमुळे, तापमान बदलल्यामुळे सगळ्याच ताऱ्यांत एकसारखे जे चढउतार येतात ते काढून दुसरा रकाना तयार होतो. पहिला ही कीर्द आणि दुसरा खतावणी, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. खतावणी वाचायला सोपी, वर्गवारी करून मांडलेली. पण खाडाखोडीची शंका आली की माणूस कीर्द उघडतो, कारण घडलं तसं आणि घडलं तेव्हा लिहिलेलं तिथेच असतं. ताऱ्यांच्या बाबतीत हे फार खरं आहे. एखादा तारा स्वतःच दहा-पंधरा दिवसांच्या संथ लयीत मंद-तेजस्वी होत असेल, तर संस्कार करणारा प्रोग्रॅम त्यालाही यानाचा दोष समजून सपाट करून टाकू शकतो. इंजिनिअरिंगला असलेली माझी पुतणी म्हणते, "काका, शुद्ध केलेलं दिलंय ना त्यांनी, तेच वापरा की." वापरतो. पण कीर्द शेजारी उघडी ठेवून.

एका हळदीच्या हंगामात दुपारच्या सुट्टीत दुकानातल्या संगणकावर वास्प-१८ चा आलेख काढून बसलो होतो. कवठेमहांकाळकडचे एक म्हातारे शेतकरी विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी व्हायची वाट बघत समोरच्या बाकावर होते. उठून मागे येऊन उभे राहिले.

"दिवाणजी, ह्यो कुठल्या बाजाराचा दर म्हनायचा?"

"दर न्हाई आबा, तारा हाय ह्यो. त्याचा उजेड."

"मग पडतोय की सारखा."

"त्याच्या म्होरनं एक ग्रह जातोय. म्होरं आला की उजेड रुपायातला एक पैसा कमी हुतोय. सरकला की परत जाग्यावर."

आबांनी चष्मा चढवला आणि बोटानं एकेक खड्डा मोजल्यासारखा केला. "दर येळंला तेवढाच पडतोय व्हय?"

"तेवढाच."

"आन् तेवढ्याच येळानं?"

"बावीस-तेवीस तासांनी."

"मग दर न्हवंच ह्यो," ते म्हणाले. "दर असा शब्दाचा पक्का नसतोय." आणि पट्टीत हमाली किती धरली ते विचारायला लागले.

ग्रह शोधायची जी गणिती पद्धत सर्रास वापरतात तीही हेच दोन प्रश्न विचारते. खड्डा दर वेळी तेवढाच खोल आहे का, आणि तेवढ्याच अंतरानं येतो का. आणखी एक प्रश्न जाणकार विचारतात : एक आड एक खड्डे कमीजास्त खोल आहेत का? असतील तर तिथे ग्रह नसून एकमेकांना झाकणारे दोन तारे असण्याची शक्यता जास्त. आणि टेसच्या बाबतीत शेजारपाजारही तपासावा लागतो. तिचा एक पिक्सेल आकाशात २१ विकला एवढा रुंद असतो, त्यामुळे शेजारच्या घरातला उजेड आपल्या खात्यावर जमा होणं नित्याचं. खड्डा आपल्या ताऱ्याचा की भिंतीपलीकडच्याचा हे पिक्सेलची फाइल उघडल्याशिवाय कळत नाही.

फाइलमध्ये 'क्वालिटी' नावाचा अजून एक रकाना असतो. बहुतेक ओळींत शून्य, म्हणजे सगळं ठीक. मध्येच कुठे ३२ दिसतं. त्या क्षणी यानाच्या आतल्या फिरत्या चाकांचा वेग उतरवला जात होता, नेम हलला असेल, ही ओळ जपून वापरा. प्रत्येक अडचणीचा आकडा वेगळा, आणि दोन अडचणी एकदम आल्या तर बेरीज. सत्तावीस दिवसांच्या मधोमध एक मोठी मोकळी जागाही दिसते. टेस पावणेचौदा दिवसांत पृथ्वीभोवती लांबट फेरी घालते आणि जवळ आली की टिपणं थांबवून साठलेलं सगळं खाली पाठवते, म्हणून ती मोकळी. त्या मोकळ्या जागेत सरासरी घालून रेघ जोडायचा मोह त्यांना झालेला नाही. हिशेबाच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर या एका गोष्टीसाठी मी त्यांना नमस्कार करायला तयार आहे. जिथे नोंद नाही तिथे नाही, आणि जिथे आहे पण शंकास्पद आहे तिथे ओळ खोडलेली नाही, फक्त बाजूला खूण केलेली.

खोडल्यानं काय होतं त्याचं उदाहरण पॅरिसचं आहे. १७९५ च्या मे महिन्यात लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या तारासूचीसाठी निरीक्षणं चालली होती. ८ मे रोजी एका 'ताऱ्याची' जागा नोंदवली गेली. १० मे रोजी तोच तारा पुन्हा मोजला तर जागा जुळेना. तारे दोन दिवसांत हलत नाहीत. मग आधीची नोंद चुकीची समजून वगळली गेली, नंतरची छापली, तीही शंकास्पद अशी खूण करून. तो नेपच्यून होता. अधिकृतपणे तो सापडला १८४६ साली, म्हणजे आणखी एक्कावन्न वर्षांनी. त्यानंतर कक्षेचं गणित मागे नेऊन लोकांनी जुन्या सूच्या चाळल्या, आणि पॅरिसच्या वेधशाळेतलं मूळ हस्तलिखित उघडलं तर दोन्ही तारखांच्या नोंदी तिथे शाबूत. छापताना गाळलेलं कीर्दीत होतं. त्या दोन ओळींमुळे नव्या ग्रहाची कक्षा पक्की करायला अर्धशतक आधीचा बिंदू मिळाला. निरीक्षकाला दोष देणारे देतात. मला त्याचं कौतुक वाटतं, कारण न जुळणारा आकडा त्यानं जुळता करून घेतला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या काळातली. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीनं २००१ साली मॅजेलनचे मेघ म्हणतात त्या शेजारच्या छोट्या दीर्घिकांकडे वळून स्पंदक ताऱ्यांचा शोध घेतला होता. ते काम झालं, टेपा ठेवून दिल्या. डंकन लॉरिमर आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड नार्केविक यांनी त्या पुन्हा उघडल्या, वेगळ्या प्रश्नासाठी : एकदाच चमकून गेलेलं काही आहे का? आणि पाच मिलिसेकंदांहूनही कमी वेळ टिकलेला एक प्रचंड स्फोट त्यात सापडला. २००७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. जलद रेडिओ स्फोट हा खगोलाचा एक अख्खा नवा विषय त्या सहा वर्षं पडून असलेल्या टेपेतून निघाला.

त्याचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. बरीच वर्षं लोकांना तो स्फोट खरा वाटेना, कारण पार्क्सच्याच नोंदींत तसलेच दिसणारे आणि निश्चितपणे पृथ्वीवरचे असे काही संकेत मिळाले. ते येतात कुठून ते उमगेना. २०१५ साली छडा लागला. वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार कुणीतरी वेळ पुरी व्हायच्या आत ओढून उघडलं की हे संकेत उमटत. तोवर २०१३ मध्ये तसेच चार खरे स्फोट सापडून लॉरिमर यांच्या स्फोटाची बाजू भक्कम झाली होती. कुणाच्या तरी जेवण गरम करण्याच्या घाईचीही नोंद भांडारात राहिली, वेळेसकट.

आपल्याकडेही हे धन आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिचंही भांडार नाव नोंदवून मिळतं. पण इथे फाइल उतरवून लगेच चित्र दिसेल अशी आशा ठेवू नये. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि कच्ची नोंद असते ती प्रत्येक जोडीला मिळालेल्या लहरींच्या मेळाची. त्यातून चित्र घडवायला गणित लागतं, मोबाइलपासून विजेच्या तारांपर्यंतचा गोंगाट काढावा लागतो, आणि माझ्या घरच्या संगणकाला ते झेपणारं नाही. सुदैवानं दुसऱ्यांनी ते करून ठेवलं आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीनं १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं आकाश टिपलं होतं. हायब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडारातली ती नोंद नव्यानं, आपल्या पद्धतीनं सोडवली आणि २०१७ मध्ये सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची सूची मांडली. त्यांची तयार चित्रं कुणालाही मिळतात. हंस तारकासमूहातली एखादी जागा मागवली आणि साध्या प्रकाशात काहीच नसलेल्या ठिकाणी रेडिओ लहरींचे दोन फुगे उमटले, की खोडदच्या जाळीदार तबकड्यांचा अभिमान वाटतो. मराठी मुलखाचं आकाश काय कमी, असं उगाच म्हणून घेतो.

उलट दिशेचा व्यवहारही झाला आहे. २०१७ साली पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह शोधला, सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षं दूर. तो त्यांनी ओळखला स्लोन सर्वेक्षणाच्या नोंदींतून, आणि स्लोनची दुर्बीण आहे न्यू मेक्सिकोत.

'घरबसल्या ग्रह शोधा' असल्या मथळ्यांचा मात्र मला कंटाळा येतो. हंसात केप्लर दुर्बिणीनं टिपलेला, वेड्यावाकड्या खड्ड्यांचा तो प्रसिद्ध तारा हौशी स्वयंसेवकांनीच हेरला होता, एका खड्ड्यात तर उजेड २२ टक्क्यांनी उतरला होता, हे सगळं खरं. पण तसं कुणाच्या नशिबी रोज येत नाही आणि यायची गरजही नाही. माझ्या बहुतेक संध्याकाळी दुसऱ्यानं आधीच काढलेलं उत्तर स्वतः काढून बघण्यात जातात. बेरीज जुळली की झोप चांगली लागते.

इतकं उघडं भांडार बघितलं की गावातल्या कुलपांचा राग येतो, तोही लिहून ठेवतो. मला एकदा आमच्याच भागातले तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे हळदीचे रोजचे दर हवे होते, निव्वळ कुतूहल म्हणून. एका कार्यालयात गेलो. कशाला हवेत, कोण तुम्ही, अर्ज द्या, साहेब आल्यावर बघू. साहेब आले, बदलून गेले, नवे आले. शेवटी जुनी रजिस्टरं पुरात भिजली असावीत असं मोघम उत्तर मिळालं. भिजली असतीलही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इशारा पातळी ४० आणि धोक्याची ४५ असताना. गावभागात घरोघरच्या वह्या, फोटो, दस्त, लग्नपत्रिका पाण्यात गेल्या. आमच्या घरातल्या कपाटातला खालचा कप्पाही. पाणी सगळ्यांच्याच दारात येतं. पण मास्टची सार्वजनिक नोंद एका इमारतीच्या भरवशावर ठेवलेली नाही, क्लाउडवर तिची दुसरी प्रत आहे. सिम्बाडचीही प्रत अटलांटिकपलीकडे हार्वर्डला आहे. आणि चारशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा २०१८ च्या सप्टेंबरातला उजेड मागताना मला कुणी 'कशाला हवा' म्हणून विचारलं नव्हतं.

सध्या मी वास्प-१२ च्या मागे आहे. हा सारथी तारकासमूहातला. त्याचा ग्रह २००८ साली सापडला. फेरी एक दिवस आणि दोनेक तासांची. तो ताऱ्याच्या इतका जवळ आहे की भरती-ओहोटीच्या ओढीनं त्याची कक्षा आकसते आहे, आणि फेरीचा काळ वर्षाला २९ मिलिसेकंदांनी कमी होतो आहे. सुमारे तीस लाख वर्षांत तो ताऱ्यात पडेल. २९ मिलिसेकंद कुठलीच एक नोंद दाखवू शकत नाही. पण फेऱ्या साठत जातात. दहा वर्षांत ग्रह तेहतीसशेहून जास्त फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा कणभर लहान, आणि आधीच्या सगळ्या कमतरता पुढच्या फेरीच्या डोक्यावर. मी कागदावर मांडून पाहिलं तर दहा वर्षांअखेर ग्रह जुन्या वेळापत्रकापेक्षा आठ मिनिटं आधी हजर होतो. आठ मिनिटं दोन मिनिटांच्या नोंदीत सहज पकडता येतात. वर सांगितलेला वस्तुमानकेंद्राचा सुधार केला नसता तर मात्र पृथ्वीच्या फिरण्याचीच तेवढी आठ मिनिटं यात मिसळून गेली असती.

वेळ अलीकडे आली म्हणजे कक्षा आकसलीच असं लगेच म्हणता येत नव्हतं. लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू फिरत असेल तरीही ग्रह ताऱ्यापुढून लवकर जाताना दिसेल. पण तसं असतं तर ताऱ्याच्या मागे जायची वेळ उलट पुढे सरकली असती. त्या मागे जाण्याच्या वेळा स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत होत्या. त्याही अलीकडेच सरकल्या होत्या. तेव्हा २०२० मध्ये प्रकरण मिटलं. स्पिट्झरकडे ती निरीक्षणं मागणाऱ्यांना ग्रहाच्या तापलेल्या हवेत रस होता, घड्याळ म्हणून कुणी ती मागितली नव्हती.

टेस आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे सत्तावीसेक दिवस बघते, त्याला सेक्टर म्हणतात. वास्प-१२ कडे तिनं पहिल्यांदा पाहिलं ते विसाव्या सेक्टरमध्ये, २०१९ च्या डिसेंबरअखेरीपासून २०२० च्या जानेवारीपर्यंत. ती फाइल उतरवून ठेवली आहे. शोधाच्या वेळचा मूळ क्षण आणि फेरीचा काळ छापील निबंधातून घेतला आहे. आता प्रत्येक खड्ड्याचा मध्य काढून जुन्या वेळापत्रकाशी ताळा करायचा. पुतणी म्हणते पायथॉनमध्ये दहा ओळींचं काम आहे, तिचं चहा पिऊन होईपर्यंत उत्तर येईल. तिला म्हटलं, तू तुझं काढ. मी आधी एक्सेलमध्ये काढतो, आणि दोघांचं जुळलं नाही तर आधी क्वालिटीचा रकाना बघू.